विश्लेषण : गाडीला तापणारे, इंडिकेटरवाले आरसे बाजारातून बसवले तर चालते का?

पावसाळा तोंडावर आला की मोटारींच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत काही ठरावीक वस्तू पुढे येऊन बसतात. खिडकीवरचे रेन व्हायजर, पायाखालच्या रबरी चटया, वायपरच्या नव्या पट्ट्या. पुण्याची नाना पेठ असो, कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीतले करोल बाग, या यादीत आता बाजूच्या आरशांच्या तयार जोड्याही दिसतात. आरशाच्या कडेला पिवळा एलईडी इंडिकेटर, काचेमागे तापणारी पट्टी, सोबत वायरचा गुंडाळा आणि ‘बसवायला अर्धा तास’ असे आश्वासन. बेस मॉडेल घेतलेल्या मालकाला टॉप मॉडेलची सोय निम्म्याहून कमी पैशांत मिळते, असा त्यामागचा हिशेब असतो.

प्रश्न दोन आहेत. हे कायद्यात बसते का, आणि गाडीच्या विजेच्या जाळ्याला ते झेपते का. पहिल्याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. दुसऱ्याचे उत्तर जवळजवळ पूर्णपणे बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे.

हे आरसे करतात काय?

तापणाऱ्या आरशाच्या काचेमागे एक पातळ चिकट पत्रा असतो. त्यात विजेला विरोध करणारी वाहक नक्षी छापलेली असते. १२ व्होल्टचा प्रवाह त्यातून गेला की काच कोमट होते, तिच्यावरचे दव, धुके आणि बारीक थेंब वाळून जातात. एका आरशाला साधारण १० ते २० वॉट पुरतात. मागच्या काचेवरच्या तांबूस रेघांचा डिफॉगर याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याची भूक याच्या कितीतरी पट मोठी असते. कंपनीच्या गाड्यांत हे दोन्ही बहुधा एकाच बटणावर असतात आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतात.

ही सोय मुळात बर्फाच्या देशांतली. स्वीडन किंवा कॅनडात सकाळी आरशावर गोठलेला थर खरवडण्यापेक्षा बटण दाबणे सोपे. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस झेलणारी आंबोली आहे, जुलैतले महाबळेश्वर आहे, ताम्हिणी आणि बोर घाटातले धुके आहे. अशा ठिकाणी आरशावर थेंबांची जाळी बसते आणि मागून येणारा ट्रक म्हणजे नुसता पांढुरका ठिपका होतो. तिथे तापणारी काच खरोखर कामाची आहे. धो-धो पावसात मात्र तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. थेंब वाळण्याच्या वेगापेक्षा पडण्याचा वेग जास्त असेल तर काच ओलीच राहणार. वर्षातून दोनदा घाटात जाणाऱ्याला एक कोरडे फडके पुरते.

इंडिकेटरची उपयुक्तता आपल्या रस्त्यांवर उलट अधिक आहे. डावीकडे वळताना गाडी आणि पदपथ यांच्या फटीतून दुचाकी पुढे घुसते. दाराजवळ पोहोचलेल्या दुचाकीस्वाराला मागचा इंडिकेटर दिसत नाही, पुढचाही दिसत नाही. चाकाच्या वरच्या पत्र्यावर असलेला छोटा दिवा खाली राहतो. आरशावरचा दिवा त्याच्या नजरेच्या पातळीवर असतो. आरशात इंडिकेटर आणण्याची सुरुवात १९९८ सालच्या मर्सिडीज एस-क्लासने केली असे मानले जाते. तिथून तो हळूहळू छोट्या गाड्यांपर्यंत उतरला. भारतात काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वस्त गाड्यांच्या बेस मॉडेलला डावा आरसाच नसे, हे लक्षात घेतले तर हा प्रवास लहान नाही.

कायदा नेमका कुठे अडवतो?

गाडीत केलेल्या बदलांची चर्चा निघाली की मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ पुढे केले जाते. या कलमानुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. फेरफार म्हणजे काय, याचा खुलासाही तिथेच आहे : गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते.

आता आरसी बुक उघडून पाहावे. त्यात इंजिन आणि चॅसिसचा क्रमांक असतो. इंधन, रंग, आसनसंख्या, वजन, बॉडीचा प्रकार असतो. आरशाचा उल्लेख कुठेही नसतो. आरसा बदलल्याने गाडीचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते असेही कुणी म्हणणार नाही. त्यामुळे नुसत्या कलम ५२ च्या शब्दांवर बोट ठेवून इंडिकेटरवाला आरसा बेकायदा ठरवणे अवघड आहे.

मग भीती कशाची? ती दोन गोष्टींमधून आली. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी सुसंगतच राहिली पाहिजे, असे स्पष्ट केले. निकालाचा रोख गाडीच्या ढाच्यातील बदलांवर, रस्तासुरक्षेवर आणि प्रदूषणाच्या मानकांवर होता. पण तो लोकांपर्यंत पोहोचला तो ‘मॉडिफिकेशनवर बंदी’ एवढ्या चार शब्दांच्या आतच. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८२-अ लागू झाले. कायद्याने किंवा नियमांनी परवानगी नसलेल्या पद्धतीने गाडीत बदल करणाऱ्या, त्यात नवे सुटे भाग बसवणाऱ्याही मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. चार बदल असतील तर दंडाची रक्कम चौपट होऊ शकते. ऑगस्ट २०२१ मध्ये केरळमध्ये दोन यूट्यूबर भावांची सजवलेली व्हॅन परिवहन विभागाने ताब्यात घेतली, तेव्हा देशभरातल्या हौशी मालकांना या तरतुदींची धार पहिल्यांदा जाणवली.

म्हणजे आरशाचा खरा निवाडा कलम ५२ मध्ये होत नाही. तो केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये होतो आणि तिथे तपशील बारीक आहेत.

नियम १२५ आरशांसाठी आहे. आरसा कसा असावा हे एआयएस-००१ आणि तो गाडीवर कसा बसावा हे एआयएस-००२ या मानकांत सांगितले आहे. ही एआयएस मानके तयार करणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्यातच, एआरएआय या संस्थेत आहे. नियम १०२ इंडिकेटरसाठी आहे. दिवा पिवळा हवा आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही, १२० पेक्षा जास्त नाही, इतक्या वेळा उघडझाप करणारा हवा. नियम १०८ दिव्यांच्या रंगाबद्दल आहे. पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये, मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा रंग दिसता कामा नये. त्याला अपवाद इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, नंबर प्लेटचा दिवा यांसारख्या मोजक्या दिव्यांचा.

बाजारातल्या बहुतेक जोड्या अडकतात त्या इथे. नुसता पिवळा इंडिकेटर असलेला आरसा, मूळ इंडिकेटरबरोबरच उघडझाप करत असेल, तर नियमांच्या आत्म्याशी त्याचे भांडण नाही. पण विक्रेत्याला एवढ्यावर समाधान वाटत नाही. तो त्यात पांढरी ‘रनिंग लाइट’ टाकतो, बर्फासारखी निळी झाक टाकतो, ब्रेक दाबला की आरशाची कडा लाल होईल अशी तार टाकतो. आरशाच्या बाहेरच्या कडेवरचा दिवा पुढेही दिसतो आणि मागेही. त्यामुळे पांढरा दिवा मागून दिसला की नियम मोडला आणि लाल पुढून दिसला की तोही मोडला. निळ्याबद्दल तर बोलायलाच नको. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवेसुद्धा १ मे २०१७ पासून उतरले. अशा आरशाला कलम १८२-अ लावायला अधिकाऱ्याला फार डोके चालवावे लागत नाही.

एक मुद्दा आणखी राहतो. नियमांतल्या मानकांनुसार मान्यता मिळते ती भागाच्या विशिष्ट नमुन्याला, चाचणीनंतर. खोक्यावर कुणी काहीही छापू शकतो. युरोपीय मान्यतेचे ‘ई’ चिन्ह आणि त्याखालचा क्रमांक काचेवर आणि दिव्याच्या आवरणावर कोरलेला असेल तर निदान त्या वस्तूची कुठेतरी चाचणी झाली असण्याची शक्यता असते. नुसत्या पुठ्ठ्यावरच्या चिन्हाला किंमत नाही.

काचेचा गोलावा कुणी तपासत नाही

इंडिकेटरच्या झगमगाटात मूळ वस्तू म्हणजे आरसा मागे पडतो. बाजूच्या आरशाची काच किंचित फुगीर असते, त्यामुळे तिच्यात जास्त रुंद रस्ता मावतो, पण वस्तू असतात त्यापेक्षा लांब भासतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानकानुसार मोटारीच्या बाजूच्या आरशाची वक्रता त्रिज्या १,२०० मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. म्हणजे फुगीरपणाला मर्यादा आहे. अमेरिकेचा नियम वेगळा आहे. तिथे चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असावा लागतो आणि फुगीर काच फक्त प्रवाशाच्या बाजूला, ‘वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत’ या सूचनेसह.

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. तिथल्या बाजारासाठी बनवलेली जोडी आपल्याकडच्या गाडीला लावली की सपाट काच डावीकडे जाते. नेमकी जिथून दुचाकी येतात आणि जिथे रुंद दृश्य हवे, तिथे अरुंद दृश्य मिळते. चालकाच्या हाताशी मात्र फुगीर काच येते आणि मागच्या गाडीचे अंतर त्याला आहे त्यापेक्षा जास्त वाटते. ओव्हरटेक करताना हा फरक महागात पडू शकतो. डोळ्यांना सवय झालेली असते ती जुन्या काचेची आणि नवी काच वेगळे अंतर सांगते आहे हे कुणी सांगत नाही. पैसे देण्याआधी जुना आणि नवा आरसा शेजारी धरून त्यांत एकच वस्तू पाहिली तरी फरक कळतो. ती लहान-मोठी दिसली तर जोडी परत करावी.

काचेच्या आतून चमकणाऱ्या बाणाचेही असेच. ही कल्पना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मुथ या कंपनीने लोकप्रिय केली. तिच्या मूळ रचनेत काचेमागचे दिवे बारीक पट्ट्यांमधून अशा कोनात बाहेर पडतात की शेजारच्या लेनमधल्या चालकाला बाण दिसतो आणि स्वतःच्या चालकाला जवळजवळ दिसत नाही. स्वस्त नकलांमध्ये या पट्ट्या नसतात. रात्री उजवीकडे वळताना चालकाच्याच डोळ्यांत पिवळा उजेड लुकलुकतो आणि त्याच क्षणी त्याला आरशात पाहायचे असते.

तारा कशा ओढल्या जातात?

अर्ध्या तासाच्या कामात खरा धोका इथे आहे. दोन आरसे तापवायला सुमारे ३ अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. हेडलाइटच्या एका बल्बपेक्षाही हा भार कमी, त्यामुळे अल्टरनेटरला तो जाणवतही नाही. प्रश्न भाराचा नाही, तो कुठून घेतला याचा आहे.

घाईत काम उरकणारा मेकॅनिक जवळची कुठलीही ‘गरम’ तार पकडतो, प्लॅस्टिकची चाप लावून तिच्यातून प्रवाह चोरतो. ती तार किल्ली बंद असतानाही जिवंत असेल तर आरसे रात्रभर तापत राहतात. ३ अँपिअरने १० तासांत ३० अँपिअर-तास खर्च होतात आणि छोट्या गाडीची बॅटरीच बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. सकाळी गाडी ढकलावी लागते. यापेक्षा वाईट म्हणजे फ्यूज न टाकणे. आरशाकडे जाणारी तार दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून जाते, दार उघडेल-मिटेल तशी रोज वाकते. नवी तार त्या नळीतून न घेता बिजागरीजवळून बाहेरून काढली तर काही महिन्यांत तिचे आवरण घासून जाते. उघडी तार पत्र्याला टेकली आणि मध्ये फ्यूज नसेल तर ती लाल होईपर्यंत तापते.

नीट काम म्हणजे किल्ली चालू असतानाच मिळणारा प्रवाह, त्यावर ५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज, रिले आणि शक्यतो काही मिनिटांनी बंद करणारा टायमर. गाडीत मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर रिले त्याच्या बटणावरून चालवणे सर्वांत सोपे. इंडिकेटरचा एलईडी एखाद-दुसऱ्या वॉटचा असतो, तो जुन्या गाड्यांत मूळ इंडिकेटरला समांतर जोडला तर सहसा काही बिघडत नाही. नव्या गाड्यांत मात्र दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक चालवतो आणि प्रत्येक दिव्याचा प्रवाह मोजत असतो. त्याला अनोळखी भार दिसला की डॅशबोर्डवर इशारा येतो, कधी इंडिकेटर वेड्यासारखा भरभर लागतो. मिनिटाला १२० ची मर्यादा तिथेच मोडते.

दाराच्या आतले आणखी दोन भाग सांभाळावे लागतात. अनेक गाड्यांत बाजूच्या धडकेचा अंदाज घेणारा एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो, त्यामुळे बॅटरीची तार न काढता दाराचे पॅनेल उघडून जोडण्या ओढणे योग्य नाही. दुसरा भाग म्हणजे पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद. काचेवरून दारात उतरलेले पाणी तो खालच्या भोकांतून बाहेर घालवतो. तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही तर पुढच्या पावसात पाणी पायाखालच्या गालिच्यात येते, आणि आरशाचा याच्याशी संबंध असेल हे मालकाच्या ध्यानीही येत नाही.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

तार कापली की त्या भागाच्या विजेच्या वॉरंटीवर कंपनी बोट ठेवू शकते. २०१९ च्या दुरुस्तीत कलम ५२ ला एक महत्त्वाची पुस्ती जोडली गेली. केंद्र सरकार गाडीतील बदलांसाठी तपशील आणि मंजुरीच्या अटी ठरवू शकते आणि अशा बदलांमुळे उत्पादकाची वॉरंटी रद्द झाली असे मानता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र हे संरक्षण सरकारने ठरवून दिलेल्या बदलांपुरते. कुर्ल्यात बसवलेल्या आरशाला ते मिळत नाही.

विम्यात स्थिती थोडी बरी आहे. कंपनीने न बसवलेली विजेची उपकरणे पॉलिसीत स्वतंत्र नोंदवता येतात. जुन्या मोटार दरपत्रकात त्यासाठी उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के हप्ता होता. नोंद नसेल तर अपघातात फुटलेल्या महागड्या आरशाची भरपाई मूळ आरशाच्या दरानेच मिळेल, आणि आग त्याच तारेतून लागल्याचे सर्वेक्षकाला दिसले तर पूर्ण दावाच वादात पडेल. अपघातात जखमी झालेल्या तिसऱ्या व्यक्तीला मात्र याची झळ बसत नाही. ज्या मोजक्या कारणांवरून विमा कंपनी तिची भरपाई नाकारू शकते, त्यांत आरसा बदलणे नाही.

इतरत्र काय करतात?

जर्मनी बदलांबाबत भारतापेक्षा कडक आहे, तरी तिथला हौशी मालक निश्चिंत असतो. कारण तिथे वाट आखलेली आहे. मान्यताप्राप्त सुटा भाग कागदासह विकला जातो, तो कागद गाडीत ठेवायचा. तसा कागद नसेल तर टीयूव्हीसारख्या संस्थेकडे गाडी न्यायची, तपासनीस बदल पाहतो आणि योग्य असेल तर गाडीच्या कागदपत्रांत नोंद होते. धोकादायक बदल केला तर गाडीचा रस्त्यावर येण्याचा परवानाच संपतो.

भारतात सीएनजी-एलपीजी किट आणि विजेवर गाडी बदलण्याचे किट यांच्यासाठी नियमांत अशी वाट आहे. एका मालकाने, एका गाडीला, एक आरसा बसवून तो तपासून घ्यावा अशी साधी सोय नाही. त्यामुळे वाहतूक पोलिसापुढे मालकाकडे दाखवायला काही नसते आणि पोलिसाकडे मोजायला काही नसते. काचेवरच्या फिल्मबाबत हेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्या बंद केल्या, पुढे नियम १०० बदलला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ठरावीक पारदर्शकता राखणाऱ्या फिल्मवर कारवाई करता येणार नाही असे म्हटले. मधल्या १२ वर्षांत दंड भरणारे भरत राहिले.

सध्या सर्वांत कमी कटकटीचा मार्ग म्हणजे त्याच गाडीच्या टॉप मॉडेलचा कंपनीचा आरसा घेणे. त्याची काच, दिवा आणि जागा यांना त्या मॉडेलसोबत मान्यता मिळालेली असते, गोलावा भारतातल्या बाजूनुसार असतो आणि अनेकदा जोडणीचा प्लगही तोच असतो. किंमत मात्र नाना पेठेतल्या जोडीच्या दुपटी-तिपटीने होऊ शकते, आणि तापणारी काच टॉप मॉडेललाही असेलच असे नाही. सुट्या भागाचा क्रमांक लिहिलेले बिल जपून ठेवावे. काढलेले जुने आरसेही भंगारात देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करताना आरटीओत तपासणी होते आणि तेव्हा मूळ आरसे परत लावून नेणे हाच अनेकांचा शेवटचा उपाय असतो.